मोटर दीड एचपीची होती

पत्र:

ताई, मी एका फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव नांदेड जिल्ह्यात. पप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या महिन्यात आमच्या युनिटच्या डायलॉग एक्सरसाइजचं स्क्रीनिंग झालं. ९ मिनिटांची फिल्म. मधल्या अख्ख्या सीनमध्ये घरघर ऐकू येत होती. दिवे लागल्यावर सरांनी विचारलं, "साउंड कोणाचा?" सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. आमचा डिरेक्टर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. खरं सांगायचं तर शूटिंगच्या वेळीच मला ते हेडफोनमध्ये आलं होतं. खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर चालू होती, दीड एचपीची, बेअरिंग गेलेली. पण मी बोलले नाही. इथं सगळे इंग्रजीत, नाहीतर फाडफाड हिंदीत बोलतात. ज्या फिल्म्सबद्दल बोलतात त्यातल्या मी ४ पाहिल्यात. मला तसंही डिरेक्शनला जायचं होतं. पप्पा फोनवर विचारतात, "नेमकं काय करायलीस तिथं?" मला सांगता येत नाही. आठ दिवस मेस सोडून कुठे गेले नाही. सगळं सोडून गावी यावं का?

उत्तर:

तू ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. तुझं नाव, इन्स्टिट्यूट, गाव सगळं गाळलंय. काळजी करू नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "दीड एचपीची, बेअरिंग गेलेली." अगं, हेडफोन लावून, दोन नट समोर बोलत असताना, खालच्या मजल्यावरच्या मोटरचं बेअरिंग गेलंय हे तुला कळलं. मी जवळजवळ तीस वर्षं लोकेशनवर आवाज रेकॉर्ड करतेय. मला फार तर इतकं कळलं असतं की काहीतरी चालू आहे. आणि तू विचारतेस, सोडू का?

पण आधी माझी गोष्ट सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई वर बसून उपदेश करतेय.

मीही अशाच एका संस्थेत साउंड शिकले. आमच्या वेळी शूटिंग फिल्मवर व्हायचं आणि आवाज नाग्रा नावाच्या रेकॉर्डरवर, पाव इंची टेपवर. ३५ एमएमचा ४०० फुटी डबा साडेचार मिनिटंसुद्धा चालत नाही. विद्यार्थ्यांना डबे मोजून मिळायचे, त्यामुळे रिटेक मागणं म्हणजे कुणाच्या तरी ताटातली पोळी मागणं. आमचा सीन होता स्वयंपाकघरातला, दोन बहिणी. धाकटी म्हणते, "आई गेली," आणि थोरली पोळी लाटतच राहते. गणपतीचे दिवस. तीन गल्ल्या पलीकडे मांडव उभा राहत होता. टेक सुरू झाला, धाकटी खरोखर रडायला लागली, डिरेक्टरच्या डोळ्यांत पाणी. शेवटचा डबा. आणि माझ्या हेडफोनमध्ये, अगदी बारीक, "हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री."

मी गप्प बसले. इतकं बारीक आहे, मिक्सिंगमध्ये दबून जाईल, असं स्वतःला सांगितलं.

थिएटरमध्ये तो आवाज मुळीच बारीक नव्हता. "आई गेली"च्या मागोमाग "हॅलो, चेक" आलं आणि अख्खं थिएटर हसलं. पुढची दोन वर्षं मेसमध्ये माझं नाव "हॅलो चेक" होतं. पण ते काही इतकं लागलं नाही. आमच्या सरांनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, "टेकच्या वेळी ऐकू आलं होतं का?" मी म्हणाले, "नाही सर." ते फक्त "बरं" म्हणाले. पुढचे सहा महिने त्यांनी माझ्या हाती बूम, म्हणजे माइकची लांब काठी दिली, मिक्सर दिला नाही. ज्या पोरीला लाउडस्पीकर ऐकू येत नाही तिला मिक्सरवर बसवतील कशाला? चूक त्यांची नव्हती. खोटं बोलून मी स्वतःला बहिरी ठरवून घेतलं होतं.

म्हणून पहिलं काम हे कर. सरांकडे जा आणि सांग, "मला ऐकू आलं होतं, मी बोलले नाही." साउंडच्या माणसाला न ऐकू येणं हा रोग आहे, आणि ऐकू येऊन न बोलणं ही खोड आहे. शिकवणारा माणूस खोडीवर काम करू शकतो. तुझ्या पत्रावरून वाटतं, सरांनी "साउंड कोणाचा" विचारलं तेव्हा तू मान खाली घातलीस आणि विषय तिथेच संपला. म्हणजे आज सगळ्या वर्गाचा समज असा आहे की तुला कळलंच नाही. हा समज जितके दिवस राहील तितका घट्ट होईल.

आता तू बोलली का नाहीस? तू भाषेवर ढकललंस. थोडं खरं आहे ते, पण मला आणखी एक कारण दिसतं, आणि ते तुझ्यापेक्षा फार जुनं आहे.

सेटवरचा क्रम आठव. "रोल साउंड" आधी, मग कॅमेरा, मग क्लॅप, मग ॲक्शन. सुरुवात आपल्यापासून होते. पण "कट" म्हटल्यावर डिरेक्टर पहिल्यांदा कुणाकडे बघतो? कॅमेऱ्याकडे. "ओके?" कॅमेरावाला मान डोलावतो आणि मंडळी पुढच्या शॉटला लागतात. साउंडला विचारलं तर विचारलं. फ्रेममध्ये स्टँड आला तर मॉनिटरवर दहा जणांना दिसतो. मोटर आली तर ती फक्त एकीला ऐकू येते, हेडफोन तिच्या कानावर असतात म्हणून. आणि ती एकटी बाकीच्या वीस जणांना थांबवायला कचरते.

नेहमीच असं नव्हतं. आपला पहिला बोलपट, अर्देशीर इराणींचा 'आलम आरा', १९३१ सालचा. त्यांचा स्टुडिओ रेल्वे रुळांच्या जवळ. माइक सगळंच उचलायचा, मग काय करणार? गाड्या थांबल्या की शूटिंग, रात्री १ ते पहाटे ४. सगळी नटमंडळी, दिवेवाले, सगळे रात्रभर जागे, कारण कानाला गाडी नको होती. पुढे मात्र लोकेशनवर खडखड करणारे हलके कॅमेरे आले, सगळंच स्टुडिओत नंतर डब करायची पद्धत पडली, आणि लोकेशनवरचा आवाज निव्वळ 'पायलट ट्रॅक' झाला. डबिंगला ओठ जुळवण्यापुरता, वापरून फेकून द्यायचा. कित्येक वर्षं हिंदी सिनेमाचं असंच चाललं. 'लगान'ने २००१ मध्ये सिंक साउंडवर, म्हणजे शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड केलेल्या आवाजावर, एवढा मोठा सिनेमा केला, तेव्हा कुठे लोकांना परत वाटायला लागलं की जागेवरचा आवाज ठेवण्यासारखा असतो. म्हणजे साउंडवाल्याने कोपऱ्यात बसून गप्प राहायचं ही सवय सेटवर मुरलेली आहे. तू ती दोन वर्षांत उचललीस. सोडायला थोडा वेळ लागेल.

सोडवायची कशी? शूटिंगच्या आदल्या दिवशी डिरेक्टरला गाठून सांगायचं: "प्रत्येक टेकनंतर तू मला विचारणार आहेस. विसरलास तर मी हात वर करीन." बस. सेटवर परवानगी मागत बसलं की उशीर झालेला असतो. आणि हात वर केल्यावर बोलायचं किती? "मोटर चालू आहे. दोन मिनिटं दे. बंद करून येते." यात इंग्रजी कुठे आहे? एक "वन मोर फॉर साउंड" तेवढं पाठ कर, ते सगळ्या भाषांत तसंच आहे.

शिवाय मोटर बंद करायला कुणाकडे जायचं असतं? वॉचमनकडे. खालच्या काकूंकडे. तिथे तुझ्या युनिटमधल्या फाडफाड बोलणाऱ्यांचा काही उपयोग नाही. "मावशी, टाकी भरली का? दहा मिनिटं बंद ठेवता का, वर शूटिंग चालू आहे," हे तू म्हणशील तर मावशी मोटर बंद करतील आणि वर चहाही पाठवतील. पुढे मुंबईत कामाला लागलीस की बघ, लाइट दादा, स्पॉट दादा, जनरेटरवाला, यांच्याशी ज्याचं जमतं त्याचं साउंड स्वच्छ येतं. जनरेटर आणखी पन्नास फूट लांब लावून घ्यायचा तर इंग्रजी कामाला येत नाही.

(तुला कुणी अजून सांगितलं नसेल म्हणून सांगते: लोकेशनवर घरातला फ्रिज बंद करशील तेव्हा स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव. मग चालू करायला विसरून निघताच येत नाही. मी हे शिकले तेव्हा मे महिना होता आणि घरमालकीणबाईंचा दोन डझन हापूसचा रस होता. पुढचं सांगत नाही.)

आता तुझ्या युनिटकडे येते. तुमचा डिरेक्टर बोलत नाही. तो दुखावलाय, ठीक आहे. पण हिशेब नीट मांडू या. लोकेशनची रेकी करायला तू गेली होतीस का? पत्रात दिसत नाही. बहुधा डिरेक्टर आणि कॅमेरावाला गेले, खिडकीतून येणारा उजेड बघितला आणि जागा ठरली. टेकनंतर त्याने तुला विचारलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एडिटिंग टेबलवर आवाज आणि चित्र सिंक केलं तेव्हा ती घरघर एडिटरला ऐकू आलीच असणार. म्हणजे स्क्रीनिंगच्या आधी सगळ्या युनिटकडे वेळ होता. चौघांनी ऐकलं आणि चौघे गप्प बसले. तू फक्त त्यातली पहिली.

हे सगळं खरं असलं तरी त्याच्याकडे जाऊन यातलं एक अक्षर बोलू नकोस. निदान पहिल्या भेटीत तरी नको. दुरुस्ती घेऊन जा. डायलॉग एक्सरसाइज दाखवून झाला म्हणजे मेला असं नाही, प्रोजेक्ट फाइल एडिटरकडे अजून असेल.

आणि दुरुस्ती अशी आहे. ती घरघर काढायच्या मागे लागू नकोस. सॉफ्टवेअरने ओढून काढशील तर संवाद पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे होतील. मी फिल्म पाहिलेली नाही, पण छातीठोक सांगते, थिएटरमध्ये लोकांना टोचलं ते वेगळंच असणार. सीन तीन-चार शॉटमध्ये कापलेला असेल. एका शॉटमध्ये मोटर जोरात, दुसऱ्यात माइकचं तोंड फिरलं म्हणून हळू, तिसरा टेक टाकी भरल्यावर घेतला म्हणून अजिबात नाही. दर कटला घरघर येते, जाते, येते. कान सलग आवाज थोड्या वेळात विसरतो, गावात गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही तसा. तुटणारा आवाज मात्र त्याला दरवेळी जागा करतो. तेव्हा मोटरचाच स्वच्छ, सलग आवाज वेगळा रेकॉर्ड कर, निदान ३ मिनिटांचा, आणि सीनच्या पहिल्या फ्रेमपासून खाली अंथर. सगळे कट त्यात बुडतील. लोक म्हणतील, हां, बिल्डिंगमध्ये पाणी चढतंय.

मग डिरेक्टरला विचार, मोटर कुठे बंद करू? सीनमध्ये एक जागा अशी असते जिथे कुणीतरी काहीतरी बोलून जातं आणि पुढे बोलण्यासारखं उरत नाही. त्या वाक्यानंतर मोटर बंद होऊ दे. दहा मिनिटांची घरघर थांबली की घरात कशी शांतता पडते, तुला माहीत आहे. तो सीन त्याने जसा लिहिला होता त्याच्यापेक्षा चांगला होईल, आणि हे त्याला कळेल. बोलायला लागेल तो. नाही लागला तर एडिटरला घेऊन कर. एकदा ऐकल्यावर येईलच.

हे तू करशील तर तुझा डिरेक्शनचा मुद्दाही जरा बदलेल. पत्रात तू तो एकाच वाक्यात लिहिलास, "मला तसंही". तसंही म्हणून केलेली इच्छा मी फार धरत नाही. सीनमध्ये शांतता कुठे पडायची हे ठरवणं हे डिरेक्शनच आहे, श्रेय भले दुसऱ्याला जावो.

फिल्म्स पाहिल्या नाहीत म्हणतेस. हा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. पहिल्या वर्षी सगळेच थापा मारतात. मी स्वतः एका रशियन सिनेमावर वीस मिनिटं बोलले होते, जो मी पुढे दोन वर्षांनी पाहिला. पुण्याला कधी गेलीस तर लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ पासूनचं, पी. के. नायरांनी एकेक डबा शोधून भरलेलं. तिथल्या खेळाला जाऊन बस. तिथून जवळच एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म आणि टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झालेली. तिथलं ते आंब्याचं झाडही बघून ये. ऋत्विक घटक साठच्या दशकात तिथे शिकवायला होते आणि त्या झाडाखाली वर्ग भरायचे, असं तिथली मुलं आजही सांगतात. पण पाहण्याआधी ऐकायला शीक. आठवड्यातून एक सिनेमा पडद्याकडे पाठ करून पूर्ण ऐक आणि काय ऐकू आलं ते वहीत लिही. तुझ्या वर्गातल्या ४०० सिनेमे पाहिलेल्यांपैकी किती जणांनी एक तरी सिनेमा नुसता ऐकलाय, विचारून बघ.

आणि खेड्यातून आलीस म्हणून कमी पडतेस असं वाटत असेल तर रसूल पूकुट्टीचं नाव तुझ्या वर्गात भिंतीवर असेलच. केरळातल्या, वीजही न पोचलेल्या गावातला मुलगा, रॉकेलच्या दिव्यावर शिकलेला. १९९५ ला एफटीआयआयमधून साउंड करून बाहेर पडला आणि २००९ मध्ये साउंड मिक्सिंगचं ऑस्कर घेऊन आला. तुला ऑस्कर मिळेल असं म्हणत नाही. गाव आड येत नाही एवढंच म्हणते. एकटा माणूसही पुरत नाही, हे जोडून सांगते. २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं बक्षीस मिळवणारी याच एफटीआयआयची फिल्म आठव. डिरेक्टर म्हैसूरकडचा एमबीबीएस डॉक्टर, एक वर्षाचा टेलिव्हिजनचा कोर्स, शूटिंग ४ दिवसांत. चार दिवसांत अशी फिल्म तेव्हाच होते जेव्हा कॅमेरा, साउंड आणि एडिटिंगवालं माणूस वेळेवर तोंड उघडतं.

तरीही सोडायचंच असेल तर सोडायची खरी कारणं असतात, आणि ती मी नाकारत नाही. पैसा हे एक आहे. घरी कर्ज किती, कोर्स खरोखर किती वर्षांत संपतो, हे सीनियर्सना स्पष्ट विचार. तीन वर्षांचे कोर्स पाच-पाच वर्षं रेंगाळल्याची उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत. कुणी त्रास देत असेल, रॅगिंग असेल, अंगचटीला येत असेल तर ते वेगळं पत्र आहे, ते लगेच लिही आणि तक्रारही लगेच कर. आणि हे आठ दिवस खोलीत बसणं दोन-तीन आठवड्यांवर गेलं, झोप-जेवण बिघडलं, तर डॉक्टरांना दाखव. १४४१६ ही टेली-मानसची, सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची, मोफत लाइन आहे, मराठीत बोलता येतं. त्यात लाज बाळगू नकोस. पण एका वाईट स्क्रीनिंगवरून निर्णय घ्यायचा नाही. माझ्या बॅचमध्ये ज्याचं एक तरी स्क्रीनिंग वाईट गेलं नाही असा कुणी मला आठवत नाही.

राहिले पप्पा. त्यांना फोनवर समजणार नाही, समजावूही नकोस. दिवाळीला जाशील तेव्हा स्टोअरमधून रेकॉर्डर आणि एक चांगला माइक इश्यू करून ने, आणि दोन दिवस दुकानात बस. कपॅसिटर गेलेली मोटर, जी नुसती हूं करते आणि फिरत नाही. कोरडं बेअरिंग. नवं वाइंडिंग करून पहिल्यांदा सुरू केलेली. बटण बंद केल्यावर फिरत फिरत हळूहळू थांबणारी, ती तर तुला सीनसाठी हवीच आहे. प्रत्येकाच्या आधी स्वतःच्या आवाजात सांग, कुठली मोटर, किती एचपी, काय बिघाड. एवढी लायब्ररी मुंबईतल्या कुठल्या स्टुडिओत असेल असं मला वाटत नाही. मला त्यातला कपॅसिटरवाला पाठव, खरंच हवाय.

मग संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की तुझा तो बिघडलेला टेक लाव आणि हेडफोन पप्पांच्या कानावर दे. विचार, किती एचपीची. ते दोनची म्हणाले तर मला कळव.